नाळे बन्नी

बंगळूरला घर भाड्याने घ्यायचं तर पहिला प्रश्न येतो, ‘कुठल्या कंपनीत?’ मी इंग्रजी कादंबरीवर पीएच.डी. करते म्हटल्यावर घरमालक हळहळले. फेलोशिपचा ३७,००० चा आकडा ऐकून चेहरा जरा उजळला. ‘दर महिन्याला जमा होते ना?’ असं विचारल्यावर मात्र मी विषय कावेरीच्या पाण्याकडे वळवला. अनामत दहा महिन्यांच्या भाड्याएवढी. ती बाबांनी भरली.

इंग्रजीतल्या पीएच.डी.ला इंग्रजी फारशी लागत नाही. वॉचमनशी हिंदी, घरी फोनवर मराठी, आणि ऑफिसच्या खिडकीशी कन्नड. खिडकीतून एकच उत्तर येतं: ‘साहेबरु इल्ला, नाळे बन्नी.’ साहेब नाहीत, उद्या या. नव्वदच्या दशकात या शहरात अफवा उठली होती, की रात्री एक चेटकीण ओळखीच्या आवाजात हाक मारत दार ठोठावते. लोकांनी दारांवर ‘नाळे बा’, म्हणजे ‘उद्या ये’, लिहून ठेवलं. बिचारी वाचायची, परत जायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा यायची. हल्ली मला त्या बाईबद्दल फार आपुलकी वाटते. मला निदान ‘बन्नी’ असं मानाने परत पाठवतात; पण फॉर्मच्या तीन प्रती तिच्याकडे कुणी मागितल्या नव्हत्या.

गाइडांकडे तक्रार केली तर म्हणतात, ‘कन्नड शिका.’ स्वतः इंग्रजीचे प्राध्यापक! पण ही इथली परंपराच आहे. वि. कृ. गोकाक इंग्रजीचे प्राध्यापक. आमच्या सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजमध्ये होते, पुढे बंगळूर विद्यापीठाचे कुलगुरू झाले. लोकांच्या लक्षात राहिला तो त्यांचा कन्नडला शाळेत अग्रस्थान मागणारा अहवाल. त्याच्यासाठी खुद्द कन्नड सिनेमाचे नायक राजकुमार रस्त्यावर उतरले. अनंतमूर्तींनी १९६६ मध्ये बर्मिंगहॅमहून इंग्रजीतली डॉक्टरेट आणली खरी, पण तिकडे बसून लिहिली ‘संस्कार’ ही कादंबरी, तीही कन्नडमधून. आपले विंदा वर्गात इंग्रजी शिकवायचे आणि घरी येऊन मराठी कविता लिहायचे. तिघांनाही ज्ञानपीठ मिळालं, इंग्रजीसाठी एकालाही नाही. हे सगळं मी आईला उत्साहाने सांगितलं. ती म्हणाली, ‘मग तू मिरजेत बसूनच मराठीत लिही की. भाडं तरी वाचेल.’

२०२२ च्या नियमांप्रमाणे पीएच.डी.ला किमान तीन वर्षं, कमाल सहा. बायकांना वर दोन वर्षांची सवलत. आत्याच्या मते ती दोन वर्षं सरकारने लग्न जमवायला दिली आहेत.

सध्या प्रबंध नक्कल तपासणाऱ्या सॉफ्टवेअरच्या तावडीत आहे. साम्य दहा टक्क्यांच्या आत हवं. माझं काठावर आलं. लाल रंगात रंगलेली वाक्यं पाहत गेले, तर प्रस्तावनेतलं सगळ्यात जीव ओतून लिहिलेलं वाक्य निघालं: ‘या विषयाकडे अभ्यासकांचं म्हणावं तसं लक्ष गेलेलं नाही.’ ते रेशीमकिड्यांवरच्या कुठल्याशा प्रबंधाशी शब्दन् शब्द जुळत होतं.

‘काढून टाका,’ गाइड म्हणाले.

‘सर, ते काढलं तर प्रबंध कशासाठी लिहिला हे कुठे सांगू?’

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

‘बरं, ठेवा. रेशीमकिड्यांकडेही गेलेलं नसेल.’