बॉट कमावतो, टीडीएस कापतो

कोपरखैरणे. सिडकोच्या दोन रो-हाउसांमधली कंबरेएवढी भिंत. अलीकडे बँकेतून निवृत्त झालेल्या मावशी, पलीकडे वहिनी.

"मावशी, तुमच्या भाच्याच्या खोलीत रात्रभर कॉम्प्युटर चालू असतो. परीक्षा का कसली?"

"परीक्षा कसली! बॉट लावलाय त्यानं क्रिप्टोत."

"म्हणजे हो?"

"तुझे हे एपीएमसीत कांद्याचं काय करतात? भाव पडला की घ्यायचा, चढला की काढायचा. इथं कांद्याऐवजी बिटकॉइन आणि माणसाऐवजी प्रोग्रॅम. अमुक भावाला घे, तमुक भावाला वीक, एकदा सांगून ठेवायचं. त्या बाजाराला ना रविवार, ना दिवाळी. माणूस कुठवर जागणार?"

"मग कमावतोय की पोरगा!"

"कमावतोय, स्क्रीनवर. अगं, 1 जुलै 2022 पासून विक्रीच्या रकमेवर 1 टक्का टीडीएस कापतात. वर्षात दोनदा विकणाऱ्याला त्याचं काही नाही. ह्याचा बॉट दिवसभर विकतच असतो. मी कागद घेऊन बसवलं त्याला. लाख रुपये 50 वेळा फिरव. दर वेळी शंभरातला एक गेला तर, नफा-तोटा सोडून, हाती उरले जेमतेम 60,000."

"अगं बाई! बाकीचे सरकारनं खाल्ले?"

"खाल्ले नाहीत, अडकले. रिटर्न भरताना करात वळते होतात, जास्तीचे परत मिळतात. पण तोवर बॉट काय हवा विकणार? आणि खरी मेख पुढंच आहे. नफ्यावर 30 टक्के कर, पण तोटा त्यातून वजा होत नाही. सकाळच्या सौद्यात 10,000 मिळाले, दुपारच्या सौद्यात तेवढेच गेले. कमाई शून्य, कर 3,000, वर सेस वेगळा. बॉटचा धंदाच मुळी थोडं मिळव, थोडं घालव असा. कर लावा ना, कोण नाही म्हणतंय? पण तोटा धरायचाच नाही, ही कुठली रीत!"

"कुणाचा तयार बॉट मिळतो म्हणे टेलिग्रामवर? रोजचे 2 टक्के पक्के?"

"पक्के म्हटलं की पाठ फिरवायची. ते टोरेस दागिनेवालेही गुंतवणुकीवर दर आठवड्याला पैसे देत होते ना? जानेवारी 2025 मध्ये बंद दुकानांपुढची गर्दी टीव्हीवर पाहिलीस की. आणि बॉट खरा असला तरी त्याला एक्सचेंजच्या खात्याची एपीआय की द्यावी लागते. तिच्यात सौदे करायची परवानगी वेगळी, पैसे काढायची वेगळी. ह्या शहाण्यानं दोन्ही देऊन ठेवल्या होत्या! समोर बसून दुसरी बंद करायला लावली."

"मग आता घोर नाही."

"कसा नाही? एक्सचेंजवरच दरोडा पडला तर? 18 जुलै 2024 ला वझीरएक्सवरून 2,000 कोटींच्या आसपास माल गेला. लोकांना पैसे काढता येईनात."

"एवढं ऐकून तरी बंद केला का त्यानं?"

"छे! आता फ्युचर्सकडं वळलाय. तिथं तो 1 टक्का कापत नाहीत म्हणे. गाठीला दहा हजार, सौदा लाखाचा."

"मावशी, एक करा. आमच्या ह्यांच्यासमोर हे फ्युचर्सचं काढू नका. कालच भाच्याचा नंबर मागत होते."