कोरी स्टेपनी

जुनी गाडी विकायला काढलेला गृहस्थ तुमच्याही सोसायटीत असणारच. नवी गाडी हार घालून दारात आलेली असते, जुनी गेलेली नसते आणि पार्किंग एकच असतं. मग जुनी 'फक्त आठ दिवस हं' असं म्हणून दुसऱ्याच्या जागेत उभी राहते. आमच्याकडे ते गृहस्थ म्हणजे अप्पा आणि ती जागा माझी. अप्पांचे आठ दिवस २०२५च्या दसऱ्याला सुरू झाले. तुळशीचं लग्न लागलं तरी ते चालूच होते.

"शोरूमलाच देऊन टाका की एक्स्चेंजमध्ये," असं अशा माणसाला चुकूनही सुचवू नये. शोरूमवाले अप्पांच्या २०१३च्या वॅगन-आरला १ लाख ८५ हजार देत होते, वर २५ हजार एक्स्चेंज बोनस. आकडा फार वाईट नव्हता. बिनसलं ते निराळ्याच कारणावरून. तपासणीला आलेल्या पोराने रंगाची जाडी मोजायचं यंत्र घेऊन गाडीला एक प्रदक्षिणा घातली. डाव्या फेंडरपुढे 'रिपेंट' असा शेरा मारला. (गणपतीच्या मांडवाचा बांबू लागला होता, त्यात अप्पांचा काय दोष?) मग बॉनेट उघडलं, गाडी चालू ठेवून ऑइलचं झाकण काढलं, धूर येतो का बघितलं आणि टॅबवर आकडा दाखवला. दहा मिनिटांत खेळ खल्लास.

"आणि डिकी?" अप्पा मला विचारत होते, जणू मीच तो पोरगा. "डिकी उघडलीच नाही हो त्यानं!"

डिकीत स्टेपनी होती.

आता स्टेपनी सगळ्यांच्याच डिकीत असते. पण अप्पांची स्टेपनी गाडी घेतल्यापासून एकदाही जमिनीला लागलेली नव्हती. ही गोष्ट सोसायटीत अशी पसरलेली की नव्या वॉचमनलासुद्धा पहिल्या आठवड्यात कळायची. अप्पांनी जाहिरात टाकली त्यात इंजिनाबद्दल एक शब्द होता, 'उत्तम'. पुढे फर्स्ट ओनर, नॉन-अॅक्सिडेंटल, पेपर क्लिअर, कंपनी सर्व्हिस. आणि मग स्वतंत्र ओळीत, तीन उद्गारचिन्हांसकट: 'स्टेपनी कोरी!!!'

जाहिरात वाचून जी मंडळी येतात ती तुम्हाला माहीतच आहेत. निम्मे जण येतच नाहीत, नुसतं 'लास्ट किती?' असं लिहून पाठवतात आणि अंतर्धान पावतात. एकाने गाडीच्या बदल्यात बुलेट घेता का म्हणून विचारलं. एक जण 'मुलीला क्लासला जायला हवीय' म्हणून आला आणि पुढच्या आठवड्यात तोच 'सासऱ्यांसाठी बघतोय' म्हणून दुसऱ्या पार्टीला घेऊन हजर. तो एजंट होता हे सगळ्यांना कळलं, अप्पांना सोडून. अप्पा दोन्ही वेळा त्याला तितक्याच उत्साहाने डिकीकडे घेऊन गेले.

हा कार्यक्रम माझ्या खिडकीखाली चालायचा, त्यामुळे मला तो पाठ होता. आधी छत्री बाहेर, मग जॅक आणि पाना, मग काकूंच्या भाजीच्या पिशव्या, मग मॅट. मॅटखालचा पुठ्ठा उचलला की अप्पा दोन पावलं मागे सरून म्हणायचे, "हात लावून बघा." नव्या टायरवर रबराचे बारीक केस असतात ना, ते त्या टायरवर अजून शाबूत होते. येणारा माणूस बिचारा क्लच बघायला आलेला असायचा. तो भीत भीत एक केस चिमटीत धरायचा आणि अप्पा ओरडायचे, "ओढू नका!"

हे कोरेपण फुकट मिळालं नव्हतं. खेड-शिवापूरजवळ एकदा गाडी पंक्चर झाली. सगळे साताऱ्याला लग्नाला निघालेले, काकूंच्या अंगावर पैठणी. डिकीत टणटणीत स्टेपनी. अप्पांनी गाडी जॅकवर चढवली, खाली दगड लावला, पंक्चर झालेलं चाक काढलं आणि ते घेऊन स्वतः टमटममध्ये बसून पंक्चरवाल्याकडे गेले. घरचे लोक झाडाखाली. अप्पा चाक घेऊन परतले तोवर साताऱ्यात अक्षता पडून पंगतीही उठल्या होत्या. "स्टेपनी वापरली असती तर?" असं मी काकूंना विचारलं. काकू म्हणाल्या, "मग कोरी कशी राहिली असती?" त्या चेष्टेने म्हणाल्या की हार मानून, ते मला आजही सांगता येणार नाही.

त्यात सरकारनेही अप्पांचा मुहूर्त गाठला. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८वर आला. नवी गाडी स्वस्तात पडली म्हणून माणूस पेढे वाटेल. अप्पा कपाळाला हात लावून बसले, कारण नवीच स्वस्त झाल्यावर जुनीला कोण विचारतो! विम्याचं त्रांगडं आणखी वेगळं. पाच वर्षं क्लेम केला नाही की ५० टक्के नो क्लेम बोनस मिळतो आणि हा बोनस गाडीचा नसतो, माणसाचा असतो. जुनी विकल्याचा कागद दाखवला की नव्या गाडीच्या विम्यात वळता होतो. पण जुनी विकलीच नव्हती. नवीचा विमा पूर्ण पैसे भरून काढावा लागला. मध्येच जुनीचा संपला, तोही भरला. गिऱ्हाइकावर छाप पडावी म्हणून नवी बॅटरी टाकली, आतून-बाहेरून पॉलिश केलं. अप्पांच्या लेखी हे सगळं शोरूमने केलेल्या लुटीत जमा होत होतं.

शेवटी सासवडकडचा एक तरुण आला. दुचाकीच्या गॅरेजात कामाला, आईवडिलांसाठी गाडी हवी होती. छत्री, जॅक, पिशव्या, मॅट सगळं यथासांग बाहेर आलं. पोरगा खाली वाकला, टायरच्या कडेवरून बोट फिरवलं आणि एका जागी थांबला.

"काका, इथं ०४१३ लिहिलंय."

"एप्रिल २०१३!" अप्पा खुलले. "गाडी घेतली तोच महिना. योग बघा!"

"महिना नाही काका, आठवडा. २०१३चा चौथा आठवडा. टायर बारा वर्षांचा झाला. रबर नुसतं पडून पडून पण कडक होतं. हा हायवेला घालू नका, फुटंल."

मी खिडकीत होतो. अप्पांवर हसायची इतकी चांगली संधी पुन्हा मिळणार नव्हती आणि मला हसू आलं नाही. अप्पांनी पुठ्ठा हळूच परत ठेवला. "असं होय," एवढंच म्हणाले.

पाच भावांत धाकटे असलेल्या माणसाची घडण वेगळी असते. थोरल्याची चड्डी, दुसऱ्याची पुस्तकं, तिसऱ्याची सायकल. अप्पांनी हे एकदा चहा पिताना सहज सांगितलं होतं आणि मी तेव्हा लक्ष दिलं नव्हतं. वॅगन-आर ही त्यांनी पन्नाशीनंतर घेतलेली पहिली गाडी. ती वापरली, दामटली, सासरमाहेर, दवाखाने, विमानतळ सगळं केलं. एक चाक तेवढं कुणी वापरलेलं नको होतं, अगदी स्वतःसुद्धा. माझ्या मते हा वेडेपणाच आहे. पण असा वेडेपणा करणाऱ्या माणसावर फार वेळ रागावता येत नाही, हीही एक अडचणच.

गाडी त्या पोरालाच गेली, २ लाख २५ हजारांना. एजंट दहा हजार जास्त देत होता, पण त्याला कोऱ्या फॉर्मवर सह्या हव्या होत्या. अप्पांनी त्याला जिना दाखवला. पोराला मात्र स्टेपनीवर नवा टायर स्वतःच्या पैशाने चढवून दिला. मी हिशेब मांडून पाहिला. बॅटरी, पॉलिश, विमे आणि हा टायर वजा जाता अप्पांना शोरूमपेक्षा कमीच मिळाले. त्यांच्यापुढे हा हिशेब ठेवला तर म्हणाले, "पण त्यानं डिकी उघडून बघितली ना!"

व्यवहारात हा माणूस कच्चाच. पण एका बाबतीत त्याचं बिनदिक्कत ऐकावं. गाडी विकली की राज्यातल्या राज्यात १४ दिवसांच्या आत आरटीओला कळवायचं असतं, आणि अप्पा त्यासाठी पोराला घेऊन स्वतः गेले. नाव बदलेपर्यंत रोज त्याला फोन. यात विक्षिप्तपणा काही नाही. गाडी एकाकडून दुसऱ्याकडे विकली जात राहिली आणि नोंद मात्र पहिल्याच मालकाच्या नावावर राहिली, अशा एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्या नोंदणीकृत मालकावरच टाकली होती. तेव्हा एक्स्चेंजला द्या नाहीतर अप्पांसारखी घरून विका, पण २९ आणि ३० नंबरच्या कोऱ्या फॉर्मवर सही करून किल्ली देऊ नका. शोरूमवाल्यालाही गाडी कुणाच्या नावावर जाणार आणि कधी, हे विचारा. नव्या मालकाच्या नावाचं आरसी स्वतःच्या डोळ्यांनी बघेपर्यंत, लाज न बाळगता, रोज फोन करा.