वाचन कक्षात फोनवर बोलणाऱ्या आजीव सभासदास

आजीव सभासद महोदय,


तुमच्या व्याह्यांच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेला किती खर्च आला, तो आकडा आपल्या वाचनालयात बसणाऱ्या प्रत्येकाला पाठ आहे. सोसायटीच्या पाण्याच्या टाकीचं काम कोणाच्या मेहुण्याला मिळालं, गावच्या जमिनीवरून धाकट्या भावाशी तुमचं बोलणं का बंद आहे आणि तुमच्या दुसऱ्या फ्लॅटला भाडेकरू का टिकत नाही, हेही आम्हाला ठाऊक आहे. यातलं काहीही आम्ही विचारलं नव्हतं. आम्ही वाचायला आलो होतो.

वाचन कक्षात तुमचा फोन वाजतो तो पूर्ण आवाजात. तुम्ही आधी चष्मा शोधता, मग नाव वाचता, मग घ्यावा की न घ्यावा याचा विचार करता, आणि तोवर सगळ्या टेबलांवरच्या माना वर झालेल्या असतात. फोन घेतल्यावर तुमचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "हां बोल, वाचनालयात आहे." एवढं म्हणणारा माणूस पुढच्या क्षणी फोन ठेवेल किंवा उठून बाहेर जाईल, असं कोणालाही वाटेल. तुम्ही आवाज चढवता, कारण पलीकडच्याला नीट ऐकू येत नाही. फोन संपला की व्हिडिओ सुरू होतात. इअरफोन तुमच्या शर्टाच्या खिशात असतो, तो आम्हाला दिसतो.

हे पत्र जाहीरपणे लिहितोय, कारण खासगीत सांगून झालं आहे. मागे ग्रंथपाल बाईंनी तुमच्या टेबलाशी येऊन हळू आवाजात विनंती केली. तुम्ही भरल्या कक्षात त्यांना सुनावलंत, "तुझा जन्म झाला नव्हता तेव्हापासून मी इथला सभासद आहे." मग कार्यकारिणीकडे त्यांच्या उद्धटपणाची तक्रारही केलीत. महोदय, उद्धट कोण होतं, हे तिथे बसलेल्या सगळ्यांनी पाहिलं. आमची चूक एवढीच की त्या वेळी एकानेही तोंड उघडलं नाही. आज ते उघडतो आहे.

तुमच्या बाजूचे युक्तिवाद मला माहीत आहेत. ते एकेक करून घेतो.

"दोनच मिनिटं बोललो." डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी 1931 मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. त्यांतलं चौथं सूत्र वाचकाचा वेळ वाचवा असं सांगतं. जगभरच्या ग्रंथपालांनी ते स्वीकारलं, त्यावर आपल्या कामाच्या पद्धती बसवल्या. पुस्तक चटकन हाती लागावं म्हणून वर्गीकरण करायचं, तालिका करायची, कपाटांवर पाट्या लावायच्या, आणि त्या पुस्तकातलं तिसरं पान वाचकाने चौथ्यांदा वाचायला घ्यायचं, कारण शेजारी तुम्ही बोलत आहात. हिशेब सोपा आहे. पाच मिनिटांचा फोन आणि कक्षात चाळीस माणसं. एका फोनमागे दोनशे मिनिटं, म्हणजे तीन तास वीस मिनिटं तुम्ही दुसऱ्यांच्या खिशातून काढून घेता. तीही अशा माणसांच्या, ज्यांनी तेवढा वेळ कुठून कुठून वाचवून आणलेला असतो.

"बाहेर रस्त्यावर एवढा गोंगाट चालतो, तो चालतो. माझं बोलणं तेवढं खुपतं." हो, खुपतं, आणि त्याला कारण आहे. रिक्षाचा हॉर्न, पंख्याची घरघर यांना अर्थ नसतो. मेंदू त्यांना मागे टाकायला शिकतो. कळणाऱ्या भाषेतलं बोलणं त्याला मागे टाकता येत नाही; डोळे ओळीवर असले तरी कान शब्द वेचत राहतात. फोनवरचं बोलणं त्याहून वाईट. 2010 मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी प्रयोग करून दाखवलं की दोन माणसांचा पूर्ण संवाद कानावर पडला तर जेवढं लक्ष विचलित होतं, त्यापेक्षा संवादाची एकच बाजू ऐकू आली तर जास्त होतं. पलीकडचा काय म्हणाला असेल, याचा अंदाज बांधायला मेंदू आपोआप धावतो. तुमच्या "अगं पण मग त्यांनी नाही का म्हटलं?" या एका वाक्याने गणित सोडवणाऱ्या मुलीच्या डोक्यातली पायरी पुसली जाते. तो तिचा चंचलपणा नाही. माणसाचं डोकं असंच चालतं.

"मी आजीव सभासद आहे." आहात. कधीकाळी एकरकमी वर्गणी भरलीत, त्याबद्दल संस्था तुमची ऋणी आहे. त्या पावतीवर पुस्तकं घरी न्यायचा हक्क मिळतो, वार्षिक सभेत मत द्यायचा हक्क मिळतो. कक्षातली शांतता तुमच्या नावावर झालेली नाही. महाराष्ट्रात 1967 मध्ये सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम झाला. त्याखाली मान्यता मिळालेल्या हजारो ग्रंथालयांना सरकारी अनुदान मिळतं. म्हणजे कक्षातल्या ट्यूबलाइटचं बिल काही अंशी तो माणूसही भरतो, ज्याने आयुष्यात आजीव सभासद व्हायचं स्वप्नही पाहिलेलं नाही.

"तातडीचा फोन होता." असू शकतो. घरात आजारी माणूस असतं, परगावी मुलगी असते. तातडीच्या फोनसाठी दार आहे, व्हरांडा आहे, जिना आहे. फोन व्हायब्रेटवर ठेवायचा, वाजला की उठायचं, बाहेर जाऊन बोलायचं. कोणीही हरकत घेणार नाही. भाडेकरूचा फोन मात्र तातडीचा नसतो.

आता तुमच्या शेजारी कोण बसतं, ते सांगतो. तुम्ही तिकडे कधी पाहिलेलं नाही. एक मुलगा रात्रभर एका इमारतीच्या फाटकावर राखणदारी करून सकाळी थेट इथे येतो आणि पोलीस भरतीचा अभ्यास करतो. खासगी अभ्यासिकेचं महिन्याचं भाडं त्याला परवडत नाही. एक मुलगी स्पर्धा परीक्षेची तयारी करते. तिच्या घरी एका खोलीत सहा माणसं आणि एक टीव्ही आहे. एक आजी रोज कादंबरीची वीस-पंचवीस पानं वाचून जातात. त्यांच्या कानात यंत्र आहे, आणि ते यंत्र शेजारचा प्रत्येक आवाजही मोठा करून आत पोचवतं. तुम्ही बोलायला लागलात की त्या यंत्र काढून ठेवतात. ग्रंथपाल बाईंनी मग काही सांगितलं तर ते त्यांना ऐकू येत नाही.

या लोकांसाठी वाचनालय ही हौस नाही. तुमच्या घरी तीन खोल्या आहेत, दार लावून घेता येतं, फोनवर हवं तितका वेळ बोलता येतं. तुम्ही इथे येता ते सकाळचा वेळ बरा जातो म्हणून, आणि त्यात काहीही गैर नाही. त्यांना मात्र शांतपणे बसायला गावात दुसरी जागा नाही. शांतता ही श्रीमंताला घरात मिळते. गरिबाला ती फक्त सार्वजनिक जागेत मिळू शकते, तीही बाकीच्यांनी राखली तर. तुम्ही ती मोडता तेव्हा नुकसान सगळ्यांचं सारखं होत नाही. ज्याच्याकडे दुसरी सोय आहे तो चडफडत घरी जातो. ज्याच्याकडे नाही, त्याचा तो दिवस गेला.

हे किती जुनं दुखणं आहे, ते पाहा. बाबासाहेब आंबेडकर शाळेत असताना त्यांचं कुटुंब परळच्या चाळीत एका खोलीत राहत होतं. त्याच खोलीत स्वयंपाक, त्यातच झोपणं, त्यातच अभ्यास. मुलाने संध्याकाळी लवकर झोपायचं आणि रात्री दोनच्या सुमारास वडिलांनी त्याला उठवायचं, कारण त्या वेळेशिवाय शांतता मिळत नव्हती. दिवसा तो चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचायचा. कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्याला तिथेच पाहिलं, आणि पुढे 1907 मध्ये तो मॅट्रिक झाल्यावर आपलं मराठी बुद्धचरित्र त्याला भेट दिलं. एवढ्या बुद्धीच्या मुलाला वाचायला बागेतल्या बाकाचा आसरा घ्यावा लागला. पुढे लंडनमध्ये हाच विद्यार्थी ब्रिटिश म्युझियमच्या वाचनगृहात सकाळी जाऊन बसायचा तो बंद होईपर्यंत उठायचा नाही. 1924 मध्ये त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली, तेव्हा तिच्या उद्दिष्टांत वसतिगृहांच्या बरोबरीने वाचनालयं होती. ज्याने शांत जागेसाठी मध्यरात्र जागवली, त्याला वाचनालयाची किंमत सांगावी लागली नाही.

आपल्याकडे ही किंमत पूर्वीही लोकांना कळत होती. रत्नागिरीचं नगर वाचनालय 1828 चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय 1840 चं, पुण्याचं नगर वाचन मंदिर 1848 चं, कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर 1850 चं. ठाण्यात वि. ल. भावे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1893 मध्ये मराठी ग्रंथसंग्रहालय उभं केलं, पाच वर्षांनी मुंबईत तसंच संग्रहालय निघालं. सरकारचा कायदा येण्यापूर्वी कित्येक दशकं लोकांनी वर्गण्या काढून, पुस्तकं मागून, जागा मिळवून ही घरं चालवली. ती चालवणाऱ्यांना गप्पा मारायला पारही होते आणि देवळाचे ओटेही होते. त्यांनी जाणूनबुजून वेगळी जागा केली.

तुम्ही कायद्याचं नाव काढलंत, तर तेही सांगतो. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांत शांतता क्षेत्राची तरतूद आहे. रुग्णालयं, शिक्षणसंस्था आणि न्यायालयं यांच्याभोवती किमान शंभर मीटरचा परिसर तसा जाहीर करता येतो आणि दिवसाची मर्यादा 50 डेसिबल आहे. त्या यादीत ग्रंथालयाचं नाव नाही. साधं समोरासमोरचं बोलणंही 60 डेसिबलच्या आसपास जातं, आणि तुम्ही फोनवर साधं बोलत नाही. म्हणजे वाचनालयातल्या शांततेला पोलीस नाही आणि दंडाची पावती नाही. ती भिंतीवरच्या "शांतता राखा" या पाटीवर आणि माणसांच्या समजुतीवर उभी आहे. पाटी तुमच्या डोक्यावरच आहे.

आणि ती पाटी पाळून घ्यायचं काम कोणाचं, तर ग्रंथपालाचं. अनुदानित ग्रंथालयांतला कर्मचारी किती तुटपुंज्या पगारावर राबतो, हे तुमच्यासारख्या जुन्या सभासदाला सांगायला नको. लहान ग्रंथालयात एकच माणूस देवघेव पाहतो, वर्तमानपत्रं लावतो, नोंदी करतो, कुलूपही लावतो. त्याने एखाद्या वजनदार सभासदाला हटकावं आणि सभासदाने कार्यकारिणीकडे तक्रार करावी, असं दोनदा झालं की तिसऱ्यांदा तो हटकत नाही. मग पाटी नुसती रंगवलेला पत्रा उरते.

शांतता म्हणजे कडक दरारा, असं मला म्हणायचं नाही. बालविभागात मुलं हसणार, चित्रं दाखवत एकमेकांना हाका मारणार; मारू देत. देवघेवीच्या खिडकीशी वाचक विचारणार की या लेखकाचं आणखी काय आहे. ते बोलणं व्हायलाच हवं. दृष्टिहीन विद्यार्थ्याला कोणी वाचून दाखवत असेल, तर त्यासाठी वेगळी खोली द्यायला हवी. आणि वाचनाच्या वेळात त्याच कक्षात खुर्च्या मांडून, माइक लावून सत्कार समारंभ उरकणाऱ्या कार्यकारिणीलाही हे पत्र लागू आहे. ज्या संस्थेला स्वतःची पाटी पाळता येत नाही, तिने सभासदाला काय सांगावं?

तुम्हाला आणखीही सांगण्यासारखं आहे. रुमाल टाकून तासभर खुर्ची अडवणं, पुरवणीतलं शब्दकोडं पेनने भरून ठेवणं, पाककृतीचा कागद फाडून नेणं. पण त्यांचा निकाल पुढे लागेल. आज एवढंच मागणं आहे: वाचनालयाच्या पायरीवर फोनचा आवाज बंद करा, व्हिडिओ घरी पाहा, आणि बोलायचंच असेल तर बाहेर जा. ग्रंथपाल बाईंची माफी मागा, आणि ती मात्र सगळ्यांना ऐकू येईल अशा आवाजात मागा.

आणि हे वाचणाऱ्या बाकीच्या सभासदांनो, पुढच्या वेळी ग्रंथपाल कोणाला हटकतील, तेव्हा वर्तमानपत्रामागे तोंड लपवू नका. उठा आणि म्हणा, "बाई बरोबर सांगताहेत." त्यांना एकटं पाडलं, तर ही जागा आपल्या हातून जाईल, आणि ज्याला दुसरी जागा नाही त्याच्या हातून ती सगळ्यात आधी जाईल.

आपला,
त्याच कक्षातला एक सभासद