फडके रोडचा प्रेमवीर

ठाणे-कल्याण पट्ट्यातला प्रेमवीर नरक चतुर्दशीच्या पहाटे हमखास नजरेला पडतो. त्या पहाटे तरुण डोंबिवली नटूनथटून फडके रोडवर लोटते. निमित्त गणेश मंदिराचं. मंदिर १९२४ सालचं, दर्शनाची रांग लांब, आणि प्रेमवीर त्या रांगेत देवाकडे पाठ करून उभा. अंगात नवा झब्बा, बाहीवर दुकानाची चिठ्ठी तशीच. ओळख होते मित्राच्या बहिणीच्या मैत्रिणीशी, आणि पहिला प्रश्न असतो, "कुठली गाडी पकडतेस?" ही कबुलीच समजावी. ठाण्याला आगगाडी १८५३ मध्ये आली, कल्याणला १८५४ मध्ये. तेव्हापासून इथल्या भेटीगाठी गाडीच्या वेळेवरच ठरत आल्या असाव्यात.

भाऊबीज उलटली की तो आपली ७.५८ सोडून तिची ८.१६ धरतो आणि ऑफिसात साहेबाची बोलणी खातो. ती लेडीज डब्यात. हा शेजारच्या डब्यात, जाळीला नाक लावून. दिसतो तो फक्त तिचा क्लचर, तोही ठाण्याला गर्दी जरा हलली तर. पुढे ती जनरलमध्ये येऊ लागते. तिला खिडकी मिळवून द्यायची आणि आपण चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकायचं, हा या प्रेमाचा कळस. संध्याकाळी तलावपाळी. गडकरी रंगायतन समोरच असतं, पण नाटकाला तीन तास गप्प बसावं लागतं. म्हणून कट्टा आणि शेंगदाणे.

लग्न होतं. डोंबिवली परवडत नाही, घर बदलापूरला होतं. ओहोटीची लक्षणं आधी मोबाइलवर दिसतात. पहिल्या वर्षी 'पोचलीस का? काळजी घे'. तिसऱ्या वर्षी 'पोचलीस का? कोथिंबीर घे'. सातव्या वर्षी नुसतं 'कोथिंबीर'. उत्तरादाखल अंगठा. एकाच गाडीने निघाले तरी ती लेडीजमध्येच चढते. तिथे तिचा ग्रुप जागा धरतो, मटार सोलून होतात आणि नवऱ्याचा साहेब ऐकावा लागत नाही. कधी चुकून शेजारी आलीच, तर चौथ्या सीटवर आता ती असते. तो खिडकीतून मान न वळवता म्हणतो, "डोंबिवली येऊ दे, जागा होईल."

भांडणं फारशी होत नाहीत. त्यासाठी दोघांनी एका वेळी जागं असावं लागतं. जोडीही मोडत नाही. घराचं कर्ज दोघांच्या नावावर आहे आणि हप्त्यांची अजून १३ वर्षं बाकी आहेत.