हनुपीडाविचार

हनु म्हणजे जबडा. इंद्राच्या वज्राचा घाव जबड्यावर बसला म्हणून मारुतीला हनुमान म्हणू लागले, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पुढे तो जबडा थंडीत ठणकत असे काय, हे मात्र कोणी विचारले नाही. प्रस्तुत प्रबंध ती उणीव भरून काढू पाहतो. प्रयोगासाठी एकच जबडा मिळाला, लेखकाचा.

प्रथम पूर्वपक्ष. जबडा उघडा राहतो किंवा मिटून बसतो त्याची कारणे वाग्भटाने ‘अष्टांगहृदया’त दिली आहेत: जीभ फार खरवडणे, कोरडे खाणे आणि मार लागणे. आमच्या घरची जिभली दोन दिवाळ्यांपूर्वीच हरवली. भाकरी आम्ही आमटीत कुस्करून खातो. शेवटचा मार सातवीत बसला, तोही पाठीवर. वाग्भट इथे लागू पडत नाही.

१९३४ साली अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या जेम्स कॉस्टेन या कान-नाक-घसा तज्ज्ञाने पडलेल्या दाढांवर ठपका ठेवला. दाढा नसल्या की जबडा अति मिटतो आणि सांधा मागे दाबला जातो, असे त्याचे म्हणणे. शरीररचनेच्या अभ्यासकांनी ते पुढे खोडून काढले. पण हा सांधा कानाला इतका खेटून असतो की दुखणेकरी अजूनही आधी कानाच्या डॉक्टरकडे जातो. लेखकही गेला. कान निर्मळ निघाला, फी मात्र लागली.

तिसरा पक्ष आजीचा: झोपेत दात खातो म्हणजे पोटात जंत. औषध घेतले. जंत असलेच तर गेले, आवाज राहिला. तो जात्यात खडा सापडल्यासारखा असल्याची साक्ष शेजारच्या उशीवरून मिळाली.

आता सिद्धान्त. वरचे-खालचे दात भेटायचे ते घास चावताना आणि गिळताना. दिवसाची बेरीज जेमतेम १५-२० मिनिटे. एरवी ओठ मिटलेले असले तरी आत दोन-तीन मिलिमीटरची फट हवी. लेखकाने आठवडाभर वही ठेवली. साडूंनी शेअर बाजार समजावला: सलग अर्धा तास दातावर दात. सोसायटीची वार्षिक सभा, विषय पाण्याचा पंप: ५२ मिनिटे. दात दाबले की गालात टणक फुगतो तो स्नायू उसाला दमत नाही, न दिलेल्या उत्तराला दमतो. रागावलेला मराठी माणूस दातओठ खातो, हे भाषेने केव्हाच नोंदवले आहे. मूग गिळून गप्प बसणाऱ्याबद्दल मात्र तिची माहिती अपुरी आहे. ते मूग रात्री दोनला पुन्हा तोंडात येतात आणि तेव्हा चावले जातात.

दंतवैद्यीणबाईंनी रात्री दातांवर चढवायला एक आवरण दिले, गालाला शेक सांगितला आणि म्हणाल्या, “काका, दिवसा अधूनमधून ‘न’ म्हणा आणि जीभ तिथेच ठेवा. दात आपोआप सुटे राहतात.”

उपाय खरोखर गुणकारी आहे. परवाच्या सभेत सेक्रेटरीपदासाठी लेखकाचे नाव पुढे आले. लेखक “न...” म्हणाला आणि वैद्यकीय सल्ल्यानुसार जीभ तिथेच ठेवली. जबडा अजिबात दुखला नाही. इतिवृत्तात ‘एकमताने’ अशी नोंद आहे.