गंजकाका

आमच्या सोसायटीतल्या एका गृहस्थांचा उजवा हात चारचौघांसारखा केसाळ आहे आणि डावा कोपरापासून मनगटापर्यंत तुळतुळीत. लिफ्टमध्ये एखाद्या नवख्याची नजर त्या हातावर गेली की तो अंग चोरून उभा राहतो. भिण्याचं काही कारण नाही. पटाशीला नीट धार लागली असेल तर ती हातावरचे केस अलगद उतरवते, आणि लागली नसेल तर कातडी. काका आठवड्याला दोन-तीन पटाश्यांना धार लावतात. केसांना उगवायला सवडच मिळत नाही.

सोसायटीतल्या पोरांनी त्यांचं नाव गंजकाका ठेवलंय. काकांना ती पदवी वाटते.

काका बँकेतून निवृत्त झाले. नोकरीत त्यांनी हाताळलेलं सगळ्यात अवजड हत्यार म्हणजे कागदाला भोकं पाडायचं पंचिंग मशीन. निवृत्तीनंतर माणसं हास्यक्लबात जातात, नर्मदा परिक्रमेचे नकाशे काढतात, सोसायटीच्या कमिटीवर जाऊन इतरांचं आयुष्य कठीण करतात. काका एका रविवारी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात स्वयंपाकघरासाठी नळ बघायला गेले आणि रंधा घेऊन आले. त्याला सहा वर्षं झाली. नळ अजून गळतोय. रंधे तेवीस झालेत.

अशी माणसं आता गावोगावी भेटतात. कुणी भूलतज्ज्ञ असतो, कुणी सॉफ्टवेअरवाला, कुणी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवणारा. जन्मभर हातांनी फक्त सह्या केलेल्या असतात, आणि पन्नाशीनंतर ते हात अचानक काम मागायला लागतात. मग मागच्या बाल्कनीत, जिथे वॉशिंग मशीन यायचं होतं तिथे, शिकंजा येतो. त्या बाल्कनीला 'वर्कशॉप' म्हणायचं. 'बाल्कनी' म्हटलेलं काकांना चालत नाही.

जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. त्या दिवशी काका बाहीला भोक पडलेला खास शर्ट घालतात आणि घड्याळ काढून ठेवतात, म्हणजे विक्रेत्याला माणूस गरीब वाटावा. तंत्र असं, की हव्या असलेल्या वस्तूकडे बघायचं नाही. आधी मोडक्या इस्त्रीची किंमत विचारायची, मग एखाद्या पंख्याचं पातं उचलून खाली ठेवायचं, आणि निघता निघता चपलेच्या टोकाने रंध्याला ढोसून म्हणायचं, "आणि हे काय, भंगारच ना?"

एकदा मी बरोबर होतो. विक्रेता पोरगा मोबाइलवरची नजर न काढता म्हणाला, "काका, स्टॅनली आहे. बेडकामागे तीन तारखा आहेत. अडीच हजार."

बेडूक म्हणजे काय, हे मला घरी परतताना रिक्षात कळलं. लोखंडी रंध्यात पातं ज्या उतरत्या ठोकळ्यावर टेकतं, त्याला इंग्रजीत फ्रॉग म्हणतात. त्याच्या मागे, रंध्याच्या अंगावर, अमेरिकेच्या स्टॅनली कंपनीने आपल्या पेटंटच्या तारखा ओतलेल्या असतात: 25 मार्च 1902, 19 ऑगस्ट 1902 आणि 19 एप्रिल 1910. तिन्ही असल्या तर रंधा साधारण 1910 ते 1918 मधला. काकांनी या तारखा वेदमंत्रांसारख्या स्वरात म्हणून दाखवल्या. घरी पोचल्यावर काकूंनी त्या पुन्हा ऐकल्या आणि म्हणाल्या, "आमचं लग्न बेडकाच्या मागे कोरून ठेवायला हवं होतं."

काकू नागपूरच्या. पुण्यात ज्याला पातेलं म्हणतात त्याला नागपूरकडे गंज म्हणतात, आणि या घरातली निम्मी भांडणं या एका शब्दावरून झाली आहेत. काका लिंबूसत्त्वाच्या पाण्यात पटाश्या भिजत घालतात. त्याला खोलगट भांडं लागतं. सकाळी काकू स्वयंपाकघरातून विचारतात, "अहो, माझा गंज कुठाय?" आणि काका बाल्कनीतून अभिमानाने सांगतात, "निम्मा निघालाय!"

गंज फार चिवट असेल तर विजेचा प्रयोग. प्लास्टिकच्या बादलीत पाणी, पाण्यात धुण्याचा सोडा, कडेला एक भंगार लोखंडी पट्टी, मध्ये तारेने टांगलेलं हत्यार, आणि गाडीच्या बॅटरीचा चार्जर. हत्याराला ऋण जोडायचं, भंगाराला धन. बुडबुडे येतात आणि गंज सुटत जातो. उलटं जोडलं तर हत्यारच झिजायला लागतं. काका एकदा तसं जोडून झोपले होते. सकाळी उठून पाहिलं तर चांगल्या पटाशीला देवीचे व्रण आल्यासारखे खड्डे. तेव्हापासून बाल्कनीच्या दारावर चिठ्ठी आहे: 'हत्यार ऋण, भंगार धन.' बँकेत पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाच्या दारावर हे वाचून काकू म्हणाल्या, "घराचा ताळेबंद इतक्या थोडक्यात मी तरी पाहिला नव्हता."

संशयाचाही एक प्रसंग घडून गेला. रात्री साडेदहाला काका गॅलरीत दबक्या आवाजात फोनवर बोलत होते. "स्वीटहार्ट पंधराशेत? फोटो पाठव. मागून पण पाठव. वय साधारण शंभर असेल." शेवटच्या वाक्याने काकूंचा जीव भांड्यात पडला, नाहीतर सूनबाईला फोन जाणार होता. स्वीटहार्ट हा त्याच कंपनीचा शिक्का. 1920 पासून काही वर्षं पात्यावर बदामाच्या आकारात एस. डब्ल्यू. अशी अक्षरं असत. एस. डब्ल्यू. म्हणजे स्टॅनली वर्क्स, आणि बदाम कंपनीचे अध्यक्ष विल्यम हार्ट यांच्या मानार्थ. "मालकाच्या आडनावावरून बदाम!" काका गहिवरून सांगतात. "आपल्याकडे असं प्रेम दिसतं का कुठे?"

गंमत बाजूला ठेवली तर काकांना बरंच काही कळतं. शिकंज्यावर जी. आय. पी. आर. ही अक्षरं दिसली की ते सांगतात, हा रेल्वेच्या कारखान्यातून आलाय आणि 1951 च्या आधीचा आहे, कारण त्या वर्षी जी. आय. पी. रेल्वेची मध्य रेल्वे झाली. बाणाच्या फाळाची खूण दिसली तर माल सरकारी, आणि बाणाखाली आय असेल तर हिंदुस्थान सरकारचा. लोखंड वाचता येणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

पण याच माणसाला एका कोपऱ्यात निरक्षर होताना मी पाहिलंय. तिथे वाकस आहे, किंकरं आहे, दोरीने फिरणारा सामता आहे, आणि एक लाकडी रंधा. शिक्का नाही, तारीख नाही. कुठल्यातरी गावातल्या लोहाराने पातं घडवलं, सुताराने स्वतः ठोकळा कोरला, पाचर मारली आणि कामाला लागला. अमेरिकन रंध्याचा स्क्रू बदलला तरी त्याची नोंद असते; या वाकसाचं साल सांगणारं पुस्तक नाही. त्या लाकडी रंध्याच्या डाव्या कुशीला एक खळगा आहे. कुणाचा तरी अंगठा तिथे वर्षानुवर्षं टेकत आलाय. काकांनी सगळ्या लाकडांना काचकागद मारला, बेलतेल पाजलं. त्या खळग्याला मात्र हात लावला नाही. "ती एकच सही आहे त्याच्यावर," म्हणाले. तेवढ्यात काकूंनी वाळत टाकलेल्या बेलतेलाच्या बोळ्याला धूर येत असल्याचं सांगितल्यामुळे चिंतन तिथेच थांबलं. बेलतेलाचे बोळे गोळा करून ठेवले की आपोआप तापून पेट घेतात, ही माहितीही काकांनीच दिली होती. फक्त इतरांना.

आता दाराची गोष्ट.

काकांच्या बाथरूमचं दार दर पावसाळ्यात फुगतं. गेल्या आषाढात ते लागेचना. काकू म्हणाल्या, "अहो, तेवीस आहेत. एक फिरवा." काकांनी कारणं दिली. नंबर चार हा शेवटचा हात मारायचा रंधा, त्याने दार तासणं म्हणजे पैठणीने ओटा पुसणं. नंबर पाच योग्य, पण त्याचं पातं मूळचं आहे, एखादा खिळा लागला तर? बाकीच्यांना मेण लावून ठेवलंय. दोन आठवडे काकूंनी वाट पाहिली आणि मिस्त्रीला बोलावलं.

मिस्त्री गोरखपूरकडचा, पंचविशीचा. विजेवरचा रंधा घेऊन आला, दार उतरवलं, बटण दाबलं आणि वीज गेली. दहा मिनिटं थांबून त्याने विचारलं, "साहब, घर में रंदा होगा क्या?"

काकू काही बोलल्या नाहीत. नुसतं जाऊन त्यांनी बाल्कनीचं दार उघडलं.

तो पोरगा मांडणीसमोर उभा राहिला. तीन तारखांचा ओलांडला, बदामवाला ओलांडला, आणि हात घातला थेट त्या लाकडी रंध्याला. डोळ्याजवळ नेऊन त्याने तळ पाहिला, पात्याच्या डोक्यावर हातोडीचे दोन टिचके मारले, दार आडवं करून पायाने दाबलं आणि फरशीवर बसला. शिकंजा वगैरे काही नाही. त्याचा अंगठा आपसूक त्या खळग्यात जाऊन बसला. सर्रकन एक ढलपी निघाली, कांद्याच्या पापुद्र्यासारखी. मग दुसरी. पाच मिनिटांत दार झालं. जाताना तो म्हणाला, "दादाजी के पास ऐसा ही था. कबाड़ी को दे दिया."

"किस कबाड़ी को?" काकांनी ताबडतोब विचारलं.

तो हसला आणि जिन्यावरून म्हणाला, "धार अच्छी है, साहब."

हे वाक्य काकांनी आत्तापर्यंत मला चौदा वेळा ऐकवलंय. बँकेतल्या निरोप समारंभाच्या मानपत्राचं त्यांनी कधी नावही काढलं नव्हतं. पहिली ढलपी त्यांनी ज्ञानेश्वरीत ठेवली आहे, सहाव्या अध्यायात.

खंडेनवमीला बाल्कनीत हत्यारांची पूजा होती. सगळी मंडळी तेल लावून चकचकीत, प्रत्येकावर झेंडू, पेटीत गंज चढू नये म्हणून ठेवलेला कापूर त्या दिवशी आरतीत. लाकडी रंधा यंदा चौरंगावर मध्यभागी. काकूंनी स्वयंपाकघरातली विळी आणली आणि त्याच्याही पुढे ठेवली. "हिला रोज काम असतं," म्हणाल्या.

मग थंडी पडली. पावसाळ्यात तासलेलं लाकूड थंडीत आकसतं, हे काकांना माहीत होतं. मिस्त्रीला सांगायचं मात्र धार बघण्याच्या नादात राहून गेलं. आता दाराला बोटभर फट आहे, कडी टेकत नाही, आणि आत असलेल्याने सतत गात राहावं असा घरचा नियम झालाय. काका म्हणतात, लाकूड जिवंत असतं, श्वास घेतं. काकू म्हणतात, त्याचा श्वास चालू राहतो, धरून मला बसावं लागतं.

परवाच्या रविवारी काका लांब दांड्याची पितळी कडी शोधायला जुन्या बाजारात गेले. येताना हातात गिरमीट होतं.

"कडी कुठाय?" काकूंनी विचारलं.

"कडी बसवायला आधी भोकं नकोत का पाडायला?" काका म्हणाले. "कडी पुढच्या रविवारी."

गिरमीट पार गंजलेलं आहे. काकूंनी घरातले सगळे गंज कपाटात ठेवून कुलूप लावलंय.