एक लांब, एक आखूड

घंटा वाजली की पळायचं, हे माझ्या अंगात लहानपणीच मुरलं. शाळेची घंटा, आरतीची घंटा, एसटीच्या कंडक्टरची डबल बेल, सगळ्यांचा अर्थ एकच: उशीर झालाय, सुटा. घोरपडीच्या रेल्वे फाटकात तर घंटा सुरू झाली की उतरत्या दांड्याखालून सायकल तिरपी करून निसटण्यात माझी उमेद गेली. त्यामुळे सिॲटलला मुलीकडे गेलो असताना फ्रीमाँटच्या पुलावर टणटण सुरू झाली, लाल दिवे लुकलुकले आणि दांडा खाली यायला लागला, तेव्हा मी काय केलं हे पुणेकरांना सांगायला नको. कोथिंबिरीची पिशवी पोटाशी धरली, मान खाली घातली आणि सुटलो.

चार पावलं गेलो नसेन, तोच आकाशवाणी झाली. पुलाच्या मनोऱ्यातल्या कर्ण्यावरून कुणीतरी अत्यंत सौजन्याने लाल स्वेटरवाल्या गृहस्थांना मागे फिरायची विनंती करत होतं. सगळे सायकलवाले लाल स्वेटर शोधू लागले. मीही शोधला. स्वेटर जावयाचा होता, रंग लक्षात नव्हता.

मग समोरचा रस्ता उठून उभा राहिला. पांढऱ्या पट्ट्यासकट. हा निळा-नारिंगी पूल 1917 सालचा, पाण्यापासून जेमतेम 30 फुटांवर. जरा उंच डोलकाठी आली की याला उठणं भाग, आणि असा तो दिवसाला सरासरी 35 वेळा उठतो. दुसऱ्या टोकाला तोलाचं वजन असतं म्हणून एवढं धूड अलगद वर जातं; बागेतल्या सी-सॉचंच तत्त्व. मला वाटलं, आता निदान आरमार तरी जाणार. गेली एक शिडाची होडी. तीत अनवाणी पायाचा एक माणूस कॉफी पीत होता आणि त्याचं कुत्रं आमच्याकडे बघत होतं. त्या दोघांसाठी दोन्हीकडे गाड्यांच्या रांगा इंजिनं बंद करून उभ्या! एकानेही हॉर्न वाजवला नाही. आजारी असावेत.

हॉर्न वाजवला होता तो होडीने. मुलीने घरी उलगडून सांगितलं. होडी एक लांब, एक आखूड असा भोंगा देते, म्हणजे 'वाट द्या'. पूल तसाच एक लांब, एक आखूड देतो, म्हणजे 'देतो'. जमणार नसेल तर पाच आखूड.

हॉर्नला उत्तर मिळतं ही कल्पनाच मला पेलेना. चाळीस वर्षं मी पुण्यात हॉर्न वाजवतोय. उत्तरं आली ती तोंडी, आणि ती इथे छापता येणार नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून मी कालव्याकाठच्या बाकावर वही घेऊन बसू लागलो. "तिथे नोकरी लागली का तुम्हाला?" असं सौभाग्यवतींनी विचारलं. पण वहीचा उपयोग झाला. मंगळवारी जावईबापू तासभर उशिरा आले आणि म्हणाले, "सव्वापाचला पूल वर होता." आता, कामाच्या दिवशी सकाळी 7 ते 9 आणि संध्याकाळी 4 ते 6 हौशी होड्यांसाठी हा पूल उघडत नाही, हे मला एव्हाना तोंडपाठ होतं. मी तसं सहज म्हणालो. जावयाने ताटावरची नजर न उचलता सांगितलं, "मालवाहू जहाज होतं, बाबा. मोठ्या जहाजाला सूट असते." सूट असते, हे खरंच. आणि सव्वापाचला मी स्वतः त्या बाकावर बसलो होतो, हेही खरं. पण जावई तो जावई. मी आमटी वाढून घेतली.

एवढ्या अभ्यासाचा घरात काही उपयोग व्हावा म्हणून परवा दुपारी मी दिवाणखान्यातून खाकरलो. एकदा लांब, एकदा आखूड. अर्थ सकाळीच समजावून दिला होता: दुसरा चहा. स्वयंपाकघरात क्षणभर शांतता पसरली. मग ओट्यावर उलथनं आपटल्याचा आवाज आला. मी मोजले. पाच.